काही विशेष नाही, घरचंच आहे

हे वाक्य मी आजवर किती वेळा बोलले असेन देव जाणे. पण गेल्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या लीड्सजवळच्या एका गावात, शनिवारच्या बाजारात, मी ते इंग्रजीत बोलले आणि समोरच्या बाईंनी ते चक्क खरं मानलं.

त्यांनी चकलीचं पाकीट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं होतं. "ह्यात विशेष काय?" असं साध्या कुतूहलाने विचारलं होतं. पुण्यात अशा वेळी खेळ ठरलेला असतो. आपण म्हणायचं, "काही विशेष नाही हो." समोरचीने म्हणायचं, "काहीतरीच काय, खमंग वास सुटलाय की." मग आपण जरा आढेवेढे घेऊन भाजणी घरी भाजल्याचं सांगायचं. मी माझी पहिली खेळी केली आणि वाट बघत राहिले. बाई "अच्छा" अशा अर्थाचं काहीतरी म्हणाल्या, पाकीट होतं तिथे नीट ठेवलं आणि शेजारच्या टेबलावरून मार्मालेडच्या, म्हणजे संत्र्याच्या मुरंब्याच्या, दोन बरण्या घेऊन गेल्या.

चाळीस पाकिटं नेली होती, सहा खपली. पुढचे दोन आठवडे नवऱ्याने दोन्ही वेळच्या चहाबरोबर चकल्या खाल्ल्या, आणि दर वेळी "मस्त झाल्यात गं" म्हणाला. तेव्हा तर अंगाची लाहीच होत होती.

इकडे घरच्या स्वयंपाकघरातून काही विकायचं तर आधी कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, नोंदणी करावी लागते. सुरू करायच्या किमान २८ दिवस आधी, आणि फुकट. फुकट आहे यावर आमच्या घरी कुणाचा विश्वास बसला नव्हता. मग एक अधिकारी घरी आल्या. दोन तास माझं स्वयंपाकघर पाहिलं. फ्रिजचं तापमान, हात धुवायची जागा, डब्यांवरच्या तारखा. सगळ्यात जास्त वेळ त्या माझ्या हिंगाच्या डबीशी थांबल्या. "हे काय?" म्हणाल्या. मी म्हटलं, हिंग. "ते कळलं, पण ह्यात काय काय आहे?" जन्मभर हिंग वापरला, डबीच्या मागचं कधी वाचलं नव्हतं. वाचलं तर त्यात गव्हाचं पीठ! म्हणजे तांदूळ, डाळी आणि पोह्यांच्या भाजणीची माझी चकली, जी मी बिनधास्त 'गहू नाही' म्हणून विकणार होते, ती चिमूटभर हिंगामुळे गव्हाची झाली. त्या दिवशी त्या बाईंना मी मनातल्या मनात नमस्कार केला. आपल्याकडे तपासणीला येणारा माणूस डबीच्या मागचं वाचत बसेल? आता लगेच कुणी अंगावर येऊ नका, आपल्याकडे खाणारे पचवतातही सगळं.

इथे अ‍ॅलर्जी होऊ शकणारे चौदा पदार्थ असे आहेत की ते असतील तर लेबलवरच्या यादीत उठून दिसतील असेच छापावे लागतात. गहू त्यात आहे, तीळही आहेत. २०१६ साली नताशा नावाची पंधरा वर्षांची मुलगी पावाचं सँडविच खाऊन अ‍ॅलर्जीने दगावली. पिठात मळलेले तीळ पाकिटावर लिहिलेलेच नव्हते. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा इंग्लंडमध्ये लागू झाला. माझ्या चकलीत तीळ असतातच. प्रत्येक लेबल चिकटवताना ती मुलगी आठवते, म्हणून लेबलांबद्दल मी कधी कुरकुर केली नाही.

तर, तपासणी झाली आणि मला स्वच्छतेचे पाचपैकी पाच मिळाले. शून्य ते पाच अशी ती पट्टी असते. हिरवा-काळा स्टिकर पोस्टाने आला. आणि मी काय केलं? तो ड्रॉवरमध्ये ठेवला. बिलं, जुन्या चाव्या आणि संपलेल्या सेलच्या सोबतीला.

वेल्समध्ये हा स्टिकर लावायची २०१३ पासून सक्ती आहे. इंग्लंडमध्ये नाही. 'सक्ती नाही' एवढं वाचून मला हायसं वाटलं होतं. पाच मिळाले म्हणून काय दारावर मिरवायचं? शाळेतलं प्रगतिपुस्तक कुणी गळ्यात अडकवून फिरतं का? मी वेल्समध्ये राहत असते तर निमूट लावला असता, वर लोकांना सांगितलं असतं, "काय करणार, सरकारचा नियम."

शेजारच्या मार्मालेडवाल्या बाई सत्तरीच्या आहेत. तिसऱ्या बाजाराला त्यांनी विचारलं, "लव्ह, तुझा स्टिकर कुठे आहे? मिळाला नाही का?" आमच्या भागात, म्हणजे यॉर्कशरमध्ये, भाजीवाल्यापासून बस ड्रायव्हरपर्यंत सगळे 'लव्ह' म्हणतात, त्यात काही नाही. पण 'मिळाला नाही का' हे मात्र लागलं. म्हणजे मी विनयाने लपवते आहे असं मला वाटत होतं आणि बघणाऱ्यांना वाटत होतं, हिच्या स्वयंपाकघरात झुरळं असणार.

घरी येऊन माझं लेबल पुन्हा वाचलं. माझ्या चकलीने कुणाला काय अपाय होऊ शकतो ते ठळक अक्षरात होतं. ती खावी का, याबद्दल एक अवाक्षर नव्हतं. पहिलं लिहायला कायद्याने लावलं होतं. दुसऱ्यासाठी कुठल्याच सरकारने कायदा केलेला नाही.

आता हे स्वतःबद्दल चांगलं न बोलणं आलं कुठून? आमच्या घरी संध्याकाळी परवचा असायचा आणि सुट्टीत दासबोधातली मूर्खलक्षणं पाठ करून घ्यायचे. "आपली आपण करी स्तुती । स्वदेशीं भोगी विपत्ती । सांगे वडिलांची कीर्ती । तो येक मूर्ख ॥" आठव्या वर्षी डोक्यात बसलेलं चाळिशीत निघतं होय? स्टॉलवर तर मी 'आजीची भाजणी' असा फलक लावला होता. म्हणजे वडिलांची कीर्तीही आलीच. स्वदेशी विपत्ती नको म्हणून परदेशी आले, एवढाच काय तो फरक.

समर्थांना मात्र मी दोष देणार नाही. कारण गेल्या महिनाभरात एक गोष्ट लक्षात आली आहे, आणि ती पुण्याच्या माणसाला कबूल करायला जड जाते. आपण स्वतःची टिमकी वाजवत नाही, हे खोटं आहे. 'आमची कोठेही शाखा नाही' ही काय नम्रता आहे? दुपारी एक ते चार बंद ठेवणं ही काय गिऱ्हाइकाची भीड आहे? 'आमचा माल इतका चांगला आहे की आम्ही तुम्हाला विचारतही नाही,' इतकी उद्धट जाहिरात लीड्सच्या बाजारात मी अजून पाहिलेली नाही. आपली तऱ्हा एवढीच, की स्वतःला चांगलं म्हणायचं नाही, समोरच्याला घासाघीस करण्याच्याही लायकीचं ठरवायचं नाही. आणि ती पाटी चालते, कारण तिच्यामागे पन्नास-पाऊणशे वर्षं आणि दारातली रांग असते. माझ्यामागे काय होतं? घडीचं टेबल आणि चौतीस पाकिटं.

शिवाय पुण्यातही ओरडून विकणारे होतेच की. तुळशीबागेत "ओ ताई, बघून तर जा" म्हणणारे, मंडईत भाव पुकारणाऱ्या मावश्या. त्यांच्याकडून आम्ही वर्षानुवर्षं घेतलं, पण 'आपण त्यातले नाही' हे न सांगता शिकवलं गेलं. आपण सदाशिव पेठेतले. आपला माल लोक शोधत येतात. हे लिहिताना मला जरा लाज वाटते आहे, पण आहे ते आहे.

लीड्सला कर्कगेट मार्केट नावाची मोठी मंडई आहे. तिथे १८८४ साली मायकेल मार्क्स नावाच्या एका ज्यू माणसाने छोटा गाळा मांडला. रशियन साम्राज्यातून आलेला, इंग्रजी बेताचंच. तेव्हा त्याने पाटी लावली : किंमत विचारू नका, एक पेनी. आजची मार्क्स अँड स्पेन्सर त्या गाळ्यातून वाढली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसतच सुटले. 'किंमत विचारू नका'! हा माणूस शनिपाराजवळ सहज खपला असता. दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, आपली मंडई उघडली, तेव्हाची रे मार्केट. त्याचा गाळा आणि आपली मंडई एकाच सुमाराची. पण मार्क्सची पाटी गिऱ्हाइकाची भीती घालवायला होती, त्याला भाव विचारायचा संकोच नको म्हणून. आपल्या पाट्या गिऱ्हाइकाला भीती घालायला असतात.

बरं, गोरे लोक जन्मतःच बडबडे असतात असंही नाही. यॉर्कशरमध्ये एखादी गोष्ट फारच आवडली तर "नॉट बॅड" म्हणतात. मार्मालेडवाल्या बाईंनी 'माझं मार्मालेड उत्तम आहे' असं एकदाही म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्या सांगतात, की सेव्हिलची कडू संत्री जानेवारीच्या आसपास जेमतेम काही आठवडे मिळतात, तेवढ्यात वर्षाचं करून ठेवावं लागतं. साली हाताने चिरतात, त्याने अंगठ्याला घट्टा पडलाय. आणि अंगठा दाखवतात. बस. अंगठा बघितला की माणूस बरणी उचलतो.

मी मात्र त्याआधी अजून एक पराक्रम केला होता. इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरात टाकायची ठरवली. मजकूर अकरा वेळा लिहिला. शेवटी गेला तो असा : "नमस्कार. त्रास देत असल्यास क्षमस्व. हौस म्हणून थोडी भाजणी करते. कुणाला हवी असल्यास सांगावे, आग्रह नाही. चुकीच्या ग्रुपवर असल्यास डिलीट करते." किंमत नाही. पाठवून फोन उशीखाली ठेवला आणि भांडी घासायला गेले. हात थरथरत होते, एक कप फुटला. चार जणींनी किंमत विचारली, तर "द्या हो काहीही" असं कळवलं. लोकांनी खरंच काहीही दिलं. एका ओळखीच्यांनी मोकळा डबाही परत दिला नाही.

ते पुण्यात कसं पोचलं कोण जाणे. आठवड्याच्या आत काकूचा आईला फोन : "जावईबापूंची नोकरी ठीक आहे ना गं?" आई घाईघाईने म्हणाली, "अहो, हौस म्हणून करते ती." आईचं चुकलं नाही, तो शब्द माझाच होता. हौस म्हटलं की आपटलं तरी लागत नाही. धंदा म्हटला की धंदा बसू शकतो, आणि बसला की काकू असतेच.

बाबांना हे कळलं तेव्हा त्यांनी फोनवर किर्लोस्करांची गोष्ट काढली. बाबांकडे प्रत्येक दुखण्यावर किर्लोस्कर असतात. लक्ष्मणरावांचे पहिले लोखंडी नांगर दोन वर्षं खपत नव्हते, कारण लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज. आणि पुढे १९२० साली कारखान्याची माहिती लोकांपर्यंत जावी म्हणून शंकररावांनी 'किर्लोस्कर खबर' काढली, जिचं पुढे आपल्या आज्यांनी जपून ठेवलेलं 'किर्लोस्कर' मासिक झालं. "नांगर चांगला नव्हता का?" बाबा म्हणाले. "पण बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात. तुझ्या हिंगातले धरून." बाबांना विनोद झाल्यासारखं वाटलं की ते फोन ठेवतात.

नोव्हेंबरच्या बाजारात स्टिकर टेबलाच्या पुढच्या बाजूला चिकटवला. थोडा खाली, पण चिकटवला. चकलीचे तुकडे वाटीत काढून ठेवले. कुणी विचारलं, "विशेष काय?" की एकच सांगायचं, आरशासमोर घोटून ठेवलेलं : "ह्यातलं प्रत्येक धान्य मी वेगवेगळं भाजते, कारण प्रत्येकाला वेगळा वेळ लागतो. साडेतीन तास लागतात, आणि दारं-खिडक्या उघडल्या नाहीत तर घरातला स्मोक अलार्म वाजतो." अलार्मला लोक हसतात आणि तुकडा उचलतात. पहिल्यांदा बोलताना घसा इतका कोरडा पडला की 'अलार्म' दोनदा म्हणावं लागलं. चाळीसपैकी एकतीस गेली. इंग्रजीत बोलायचं असल्याने सोपं गेलं, हेही खरं. मराठीत स्वतःचं कौतुक करताना वाटतं, मागे आजी उभी आहे.

हे सगळं आत्ता लिहिते आहे ती पुण्यात, आईच्या गॅलरीत बसून. काल आमच्या जुन्या गिरणीत दळण घेऊन गेले होते. काका तेच, चष्मा तोच. भिंतीवर त्याच दोन पाट्या : 'आमची कोठेही शाखा नाही' आणि 'दळण ठेवून गप्पा मारू नयेत'. पण खाली एक नवा कोरा फ्लेक्स : 'आमच्या गिरणीत दळलेली भाजणी इंग्लंडला जाते.'

"काका, हे माझ्यावरून?"

"मग काय, अजून कोण नेतंय?"

"अहो, मी तिकडे घरघंटीवर दळते. इथली एकदाच नेली होती, दोन वर्षांपूर्वी. चार किलो, तीही घरी खायला."

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "इंग्लंडला गेली की नाही?"

"गेली."

"मग खोटं काय लिहिलंय?"

आणि माझ्या मागे डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईंना म्हणाले, "हीच ती, इंग्लंडवाली." बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हो का? मग धान्याचं प्रमाण काय घेता हो?"

"काही वि—" इथपर्यंत मी आले होते. मग डबा कट्ट्यावर ठेवला आणि चकलीची भाजणी पहिल्यापासून सांगायला लागले. तांदूळ किती, डाळी किती, पोहे शेवटी का भाजायचे, हिंगाच्या डबीच्या मागचं वाचून घ्या म्हणून. मागे अजून चौघी येऊन उभ्या राहिल्या, त्यातल्या एकीने मोबाईल काढून लिहून घ्यायला सुरुवात केली. काकांनी पाटीकडे एकदाही बोट दाखवलं नाही.