लाउईवरचा मावा हटला (बहुतेक)

मागच्या नोंदीत लाउईचा, म्हणजे माझ्या खिडकीतल्या पांढुरक्या, गुबगुबीत पानांच्या इचेव्हेरिया लाउई या सक्युलंटचा, फुलदांडा निघाल्याचं कौतुकाने सांगितलं होतं. तो आता कचऱ्याच्या डब्यात आहे. कळ्या फुगायला लागल्या आणि देठावर हिरवा मावा चढला. साबणपाण्याने गेला, पुन्हा आला. कडुनिंबाच्या तेलाने गेला, पुन्हा आला. शेवटी कात्री लावली, आणि काही दिवसांतच रोझेटच्या (पानांच्या गोल झुपक्याच्या) पोटात, कोवळ्या पानांच्या बेचक्यात, तेच हिरवे ठिपके!

बाकीच्या सक्युलंटचं पटकन उरकते. हावर्थिया ठणठणीत, मावा तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पर्ल वॉन नर्नबर्ग या इचेव्हेरियाची पानं ट्रेमध्ये मुळं धरताहेत. नुसत्या बारीक पमिसवर (सच्छिद्र ज्वालामुखी खडीवर) कोकोपीटपेक्षा कितीतरी बरी. ब्लॅक प्रिन्स या काळपट इचेव्हेरियाला बुडाशी दोन पिल्लं. झालं, आता लाउई.

मला छळत होता तो प्रश्न असा: मावा पुन्हा पुन्हा येतो कुठून? थंड देशांत मावा हिवाळ्याआधी अंडी घालतो, पण आपल्याकडे तो बहुतेक त्या भानगडीत पडतच नाही. नराशिवाय मादी थेट जिवंत पिल्लं देते, तीही माद्याच. दहापट लूपखाली (छोट्या भिंगाखाली) एकदा हे बघायला मिळालं: पिल्लू शेपटाकडून बाहेर आलं, थोडा वेळ लटकलं, पाय झाडले आणि देठाला चिकटून सोंड खुपसून मोकळं! उबदार हवेत तेच आठवडा-दहा दिवसांत स्वतः पिल्लं द्यायला लागतं. म्हणजे ‘फवारणीतून अंडी वाचली’ हे आपलं नेहमीचं उत्तर इथे चालत नाही. पुन्हा आलाय याचा अर्थ कुणीतरी जिवंत राहिलंय, नाहीतर बाहेरून येतंय.

आधी जिवंत राहिलेल्यांकडे वळले. ज्यांच्याकडे लाउई आहे त्यांना माहीत आहे की तिच्या फॅरिनावर, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या मेणकट पुडीवर, पाणी ठरत नाही, थेंब पाऱ्यासारखा घरंगळतो. फवारा कितीही बारीक करा, दोन पानांच्या सांध्यात हवा अडकून राहते आणि पाणी वरच्या वर निघून जातं. मावा नेमका त्या सांध्यात. साबण घातला की पाणी आत शिरतं, पण फॅरिनाही घेऊन जातं, आणि एकदा पुसलेल्या पानावर ती पुन्हा येत नाही; नवी पानं यायची वाट बघायची. भांड्यांचं लिक्विड तर फॅरिनावाल्या झाडांच्या आसपासही नेऊ नका. ते बनवलंयच चिकटपणा काढायला. पोटॅश साबण सौम्य असतो, पण तोही ओला असेपर्यंतच काम करतो. वाळला की संपलं.

कडुनिंबाच्या तेलाबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. बाटलीवर अ‍ॅझाडिरेक्टिन (कडुनिंबातला किडीवर काम करणारा घटक) किती पीपीएम ते छापलेलं नसेल तर घेऊ नका. नर्सरीत सुंदर लेबलाची ‘ऑर्गॅनिक’ स्प्रे बाटली मिळते, तिच्यात वासाशिवाय काय असतं ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्यापेक्षा शेतीच्या दुकानात जा, तिथे आकडा छापलेली बाटली मिळते. पण तेल ते तेलच. इचेव्हेरियावर त्याचा डाग पडतो, आणि तसंच उन्हात ठेवलं तर पान भाजतं. त्याच दुकानात इमिडाक्लोप्रिड 17.8 एसएल हे रासायनिक कीटकनाशकही मिळतं, आणि ‘एक थेंब कुंडीत टाका, विषय संपला’ हा सल्ला मला आपल्यातल्याच काहींनी दिला. घरात, झोपायच्या खोलीच्या खिडकीत, मी ते आणणार नाही. शिवाय फुलाच्या वेळी कुंड्या गॅलरीत जातात, तिथे मधमाश्या असतात.

मग चित्रकलेचा शून्य नंबरचा ब्रश काढला. टोक 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवायचं, टिश्यूवर टिपायचं, कुंडी आडवी धरायची आणि लूप लावून एकेका माव्याला फक्त स्पर्श करायचा. तो ब्रशला चिकटून येतो. फॅरिनावर टाचणीच्या टोकाएवढी खूण राहते, बस. वेळखाऊ काम आहे, मान मोडते, पण झाल्यावर जे समाधान मिळतं ते कुठल्याही फवाऱ्याने मिळालेलं नाही. नंतर कॅमेऱ्याच्या लेन्सचा रबरी ब्लोअर मारला. सांध्यांतून पांढरे कपटे उडाले. ही माव्याची कात. पुष्कळ जण हिलाच पिठ्या ढेकूण समजतात आणि भलताच उपाय करत बसतात. लूपखाली पाठीमागे दोन बारीक नळ्या दिसल्या तर मावा; पिठ्याला त्या नसतात.

झाड स्वच्छ झालं. अगदी स्वच्छ, मी शपथेवर सांगते. आणि तरीही पुढच्या आठवड्यात मध्यावर दोन मोठे मावे! पिल्लं नाहीत, थेट वाढलेले, बिनपंखी. खिडकीतला पिवळा चिकट सापळा तर कोरा. उडून आलेले नव्हते, हे उघड होतं.

रात्री टॉर्च घेऊन बसले तेव्हा उलगडलं. एसीच्या पाइपच्या भोकातून त्या अगदी बारीक मुंग्या, डोकं काळं आणि मागचा भाग फिकट, रांगेने पडद्याच्या कडेवरून स्टँडवर, स्टँडवरून कुंडीत. बाहेरच्या बाजूने रांग स्वयंपाकघराच्या ग्रिलवर, सासूबाईंच्या मिरचीपर्यंत. मिरचीचे शेंडे माव्याने नुसते लडबडलेले, खालच्या पानांवर माव्याने सोडलेला गोड चिकटा आणि त्यावर काळी बुरशी. एक मुंगी मिशांनी माव्याला थोपटत होती; त्याने मागून थेंब सोडला, तिने तो प्यायला आणि ती पुढच्याकडे वळली. मुंग्या मावा राखतात, ढालकिड्यांना हाकलतात, हे वाचलेलं होतं. गोठा आपल्याच खिडकीत आहे हे बघून मात्र हसावं की रडावं कळेना. मावा उचलून आणताना मी त्यांना पकडलेलं नाही, पण रस्ता तोच.

मुंग्यांच्या खडूची रेघ ओढू नका, रांग फक्त वळसा घेते. मी आमिष ठेवलं: 100 मिली पाणी, 10 ग्रॅम साखर, 1 ग्रॅम बोरिक पावडर. पावडर केमिस्टकडची घ्या. कॅरमच्या डब्यात काय काय मिसळलेलं असतं कोण जाणे. प्रमाण वाढवायचा मोह टाळा, नाहीतर मुंगी वारुळात पोचायच्या आधीच मरते. हे झाकणाला भोक पाडलेल्या डबीत ठेवायचं, लहान मूल किंवा मांजर पोचणार नाही अशा जागी. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, जुन्या फडताळाखाली असायच्या तशा. आणि पडदा स्टँडला टेकणार नाही इतका वर दुमडून शिवला, कारण खरा पूल तोच होता. रांग आता तुटली आहे. लाउईच्या मध्यावर लूपखाली काहीच नाही.

ठरवलं होतं की यंदा सगळ्याच इचेव्हेरियांचे फुलदांडे दिसताक्षणी छाटायचे. फुलदांड्याचा रस अमिनो आम्लांनी भरलेला आणि साल कोवळी, म्हणून मावा आधी तिथेच येतो. पण हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं की कोबीत मोहरी लावतात तसं सापळा पीक, म्हणजे कीड आपल्याकडे ओढून घेणारं दुसरं झाड, का नको? खिडकीच्या टोकाला बाजारातला साधा लाल कलांचो, कळ्यांसकट. त्याला फॅरिना नाही, किंमत फार नाही, आणि मावा त्याच्यावर तुटून पडतो. रोज कळ्या तपासायच्या, पहिला मावा दिसला की दांडा कापून पिशवीत बांधून बाहेर. म्हणजे माझ्या दुसऱ्या इचेव्हेरियाचा, लिलासिनाचा, दांडा वाचवता येईल. छाटणी रद्द, शनिवारी कलांचो आणते. त्याला आधी वेगळ्या खोलीत ठेवीन, नर्सरीतूनच पाहुणे नकोत.

मिरचीच्या शेंड्यांना रोज पाण्याची जोरदार पिचकारी, एवढ्यावर तडजोड झाली आहे. कुंडी हलणार नाही असं सासूबाईंनी स्पष्ट सांगितलंय.

एक विनंती. लाउईचे परागकण लिलासिनावर घालायचे होते, ते आता राहिलं. कुणाची लाउई फुलात असेल तर परागकण कागदाच्या पुडीत सुकवून फ्रीजमध्ये ठेवाल का? कोथरूडच्या आसपास असाल तर मी येऊन नेते, बदल्यात ब्लॅक प्रिन्सचं एक पिल्लू. पुडी बांधण्याआधी फूल लूपखाली नक्की बघा.