आमची वाटचाल : बर्डीतलं व्हॉल्व्ह रेडिओचं दुकान

आमचं दुकान माझ्या वडिलांनी साठच्या दशकात नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका गल्लीत सुरू केलं. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं होतं आणि तोवर ते घराघरांत रुळलं होतं. रेडिओ ही तेव्हा घरातली मोठी वस्तू. हप्त्यानं घ्यायची, पोस्टात जाऊन तिचं लायसन्स काढायचं, दरवर्षी फी भरायची. अशी वस्तू बंद पडली की लोक ती चादरीत गुंडाळून सायकल रिक्षात मांडीवर धरून आणायचे आणि दुरुस्त होईपर्यंत बाकावर बसून राहायचे. मर्फी, बुश, फिलिप्स, एचएमव्ही, नॅशनल एको हे सगळे सेट वडिलांनी याच बाकासमोर उघडले. मीटर लावल्याशिवाय कथील वितळवायचं नाही, हा त्यांचा नियम होता आणि आजही दुकानात तोच चालतो.

पुढची काही वर्षं पटकन सांगतो, कारण ती सगळ्याच रेडिओवाल्यांची सारखीच गेली. ट्रान्झिस्टर आला, व्हॉल्व्हचे, म्हणजे आत दिव्यासारखे तापणारे काचेचे भाग असलेले सेट माळ्यावर गेले. १९८२ साली रंगीत टीव्ही आला. आम्ही टीव्ही शिकलो, टेपरेकॉर्डर शिकलो, नंतर यूपीएस आणि इन्व्हर्टरसुद्धा दुरुस्त केले. पोट त्यावर चाललं. पण वडिलांनी व्हॉल्व्हचा साठा भंगारात काढू दिला नाही. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे खोक्यातले कोरे व्हॉल्व्ह, आयएफटी (ठरावीक सिग्नलच पुढे जाऊ देणारे छोटे ट्रान्सफॉर्मर), गँग कंडेन्सर (केंद्र लावताना फिरतो तो), कंपन्यांची सर्किटची पुस्तकं, सगळं पत्र्याच्या पेट्यांत लेबलं लावून ठेवलेलं होतं. आमच्या आजच्या धंद्याचं भांडवल म्हणजे त्या पेट्या.

धंद्याला वळण दिलं ते धंतोलीतल्या एका जुन्या घरातून आलेल्या रेडिओनं. जमिनीवर उभा राहणारा, माणसाच्या छातीपर्यंत उंच, अमेरिकन बनावटीचा कन्सोल. काळ साधारण दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा. सोबत घरातल्या आजी आणि त्यांचा नातू. नातवाचं म्हणणं सरळ होतं : "भाऊ, आतलं सगळं काढून टाका. ब्लूटूथचा अँप्लिफायर अन् दोन स्पीकर बसवून द्या. पेटी तेवढी चकाचक करा." आजी काही बोलल्या नाहीत. निघताना एवढंच म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यांनी मुंबईहून आणला होता हा. बंद पडला तेव्हापासून कोणी हात नाही लावला त्याले."

कोणी हात लावलेला नाही, हे ऐकून मला खरा आनंद झाला. जुन्या रेडिओचं सगळ्यात मोठं नुकसान वयानं होत नाही, मधल्या काळातल्या अर्धवट दुरुस्तीनं होतं. मी नातवाला म्हटलं, आधी मला मोजू द्या. जे जाऊ नये ते आत शाबूत असेल तर मी ते काढून टाकणार नाही. काढायचंच असेल तर दुसऱ्याकडून काढून घ्या.

जाऊ नये ते म्हणजे काय, हे सांगायला हवं. या काळातल्या स्पीकरमध्ये लोहचुंबक नसतं. त्याजागी तारेचं मोठं गुंडाळं असतं, त्याला फील्ड कॉइल म्हणतात. सेटचा सगळा उच्च दाबाचा डीसी प्रवाह त्यातून जातो. त्यामुळे चुंबकही तयार होतं आणि तेच गुंडाळं चोकचं, म्हणजे प्रवाह सपाट करायचं कामही करून हम, म्हणजे विजेची गुणगुण गाळतं. ते जळलं तर स्पीकरही गेला आणि पॉवर सप्लायही गेला. दुसरी नाजूक जागा स्पीकरला आवाज पोचवणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची. केसासारखी बारीक तार, दमट हवेत हिरवी पडून तुटते. मी मीटर लावला. फील्ड कॉइल हजार ओहमच्या आसपास, जशी असायला हवी तशी. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. मेन ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशनही ठीक. त्या संध्याकाळी मी आजींच्या घरी फोन करून सांगितलं की हा रेडिओ बोलणार, त्याच्या स्वतःच्या आवाजात.

चेसिस, म्हणजे सगळे भाग बसवलेला पत्र्याचा सांगाडा, उलटं केलं तेव्हा तळाशी मेण ओघळून साचलेलं होतं. जुने कागदी कंडेन्सर मेणात बुडवलेले असतात. व्हॉल्व्हची उष्णता आणि वरून नागपूरचा ४५ अंशांचा मे महिना, म्हटल्यावर ते मेण किती टिकणार? मेण गेलं की कागदात ओलावा शिरतो आणि कंडेन्सर डीसी अडवेनासा होतो. सगळ्यात घातक तो, जो आधीच्या व्हॉल्व्हची प्लेट (सिग्नल बाहेर पडतो ती जागा) आणि स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हचा ग्रिड (सिग्नल आत शिरतो ती जागा) यांच्या मध्ये बसतो. तो जरासा गळला तरी ग्रिडवर धन दाब चढतो, व्हॉल्व्ह बेसुमार प्रवाह ओढतो, प्लेट लाल होते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. म्हणून माळ्यावरून काढलेला रेडिओ "बघू तरी चालतो का" म्हणून प्लगला लावणं यासारखा दुसरा घात नाही. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक सेटांचा इतिहास याच वाक्यानं सुरू होतो, आणि ते ऐकताना मला दरवेळी वाईट वाटतं.

आम्ही सगळे कागदी कंडेन्सर बदलले. पण त्यांच्या जुन्या कागदी नळ्या फेकल्या नाहीत. गरम करून आतला माल काढला, त्यात ६३० व्होल्टचे नवे फिल्म कंडेन्सर बसवले, तोंड पुन्हा मेणानं बंद केलं. चेसिस खालून पाहिलं तरी त्या काळचंच दिसतं. याला वेळ लागतो, पैसेही जास्त पडतात, आणि पेटी बंद झाल्यावर ते कोणाला दिसतही नाही. तरी आम्ही ते करतो. पन्नास वर्षांनी दुसरा कोणी कारागीर हे चेसिस उघडेल तेव्हा त्याला मूळ बांधणी कशी होती ते कळलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. मेनच्या तारेवरून चेसिसला जाणारा कंडेन्सर मात्र आजच्या सुरक्षेच्या दर्जाचाच लावतो. तिथे तडजोड नाही. रबरी वायरी हात लावताच भुगा होत होत्या, त्याही सगळ्या बदलल्या. कार्बनच्या रेझिस्टन्सचा ओहमचा आकडा वर्षानुवर्षांत वाढत जातो. जो लिहिलेल्या आकड्यापेक्षा फार पुढे गेलेला निघाला तो काढला, बाकीचे राहू दिले.

पहिल्यांदा वीज देताना एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह, ५यू४, काढून ठेवला. म्हणजे नुसते फिलामेंट पेटतात, उच्च दाब तयार होत नाही. मग रेक्टिफायर लावून सिरीजमध्ये ६० वॉटचा पिवळा बल्ब. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सेट वाचतो. बल्ब आधी उजळला, मग मंद झाला आणि मंदच राहिला. वडील तेव्हा दुकानात येऊन खुर्चीवर बसत. त्यांनी मान हलवली. नंतर व्होल्टेजची पट्टी सगळ्यात वरच्या खुणेवर लावली. शहरात रात्री दाब २४० च्या पुढे जातो, आणि त्या काळी २२० धरून बांधलेल्या ट्रान्सफॉर्मरला तो झेपत नाही.

ट्यूनिंगची जुळणी ही माझी आवडती पायरी. आधी सिग्नल जनरेटरनं आयएफटी ४५५ किलोहर्ट्झवर आणायचे. मग डायलच्या वरच्या टोकाला १५०० जवळ ट्रिमर आणि खालच्या टोकाला ६०० जवळ पॅडर, हे दोन्ही बारीक जुळणीचे कंडेन्सर फिरवायचे. नागपूर आकाशवाणीचं मीडियम वेव्हवरचं ठिकाण ५८५, म्हणजे ६०० च्या अगदी शेजारी. त्यामुळे आमच्या गावात खालच्या टोकाची जुळणी बरोबर झाली की नाही हे आपलं केंद्रच सांगतं. युरोपीय पद्धतीच्या डायलवर आकडे मीटरमध्ये असतात, तिथे हेच ठिकाण ५१२ मीटरच्या आसपास शोधायचं. त्या दिवशी काटा तिथे आणला तर मराठी बातम्या चालू होत्या. ६व्ही६ ची जोडी, बारा इंची स्पीकर आणि सागाइतकं भक्कम लाकूड. निवेदकाचा आवाज छातीत जाणवत होता. मॅजिक आय, म्हणजे केंद्र नीट लागलं की नाही ते दाखवणारा हिरवा डोळा, तेवढा फिका होता. त्याचं हिरवं रसायन वापरानं विझत जातं, आणि नवा कोणी बनवत नाही. जुन्या साठ्यातला मिळवायला बराच काळ गेला.

पेटीचं काम आमचं नाही. ते महाल भागातल्या एका सुताराकडे देतो, त्यांच्या घरात हे काम दोन पिढ्या चालत आलंय. नागपूरचा कोरडा उन्हाळा व्हेनिअरला तडे पाडतो आणि त्याच खोलीत कूलर लावला की कडा फुगून सुटतात. त्यांनी सुटलेलं व्हेनिअर सरस लावून बसवलं, तुटलेल्या जागी तसल्याच रेषांचे तुकडे जोडले आणि चपडा लाखेचं पॉलिश हातानं चढवलं. ही लाख गोंदियाकडची. पळसावर ती आपल्याच विदर्भात होते, आणि जगभरच्या बऱ्याच जुन्या फर्निचरचं पॉलिश लाखेचंच असे, याचा मला अभिमान वाटतो. पॉलियुरेथेनची काचेसारखी चकाकी आम्ही लावू देत नाही. एकदा ती बसली की खाली जाऊन पुन्हा काम करता येत नाही.

रेडिओ धंतोलीला पोचवला आणि लावला, तर नुसती घरघर. दुकानात स्वच्छ वाजणारा सेट घरी का घरघरतो? कारण घरात एलईडीचे दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर. प्रत्येकाच्या आत स्विचिंगचं सर्किट, आणि त्यांचा सगळा गोंगाट मीडियम वेव्हच्या पट्ट्यात उतरतो. हा रेडिओ बांधला तेव्हा असा गोंगाट जगात नव्हता. मी नातवाला एकेक दिवा बंद करायला सांगितलं आणि दोन दिवे व एक चार्जर दोषी निघाले. ते बदलले. गच्चीवर पूर्वीसारखी तांब्याची एरियल ताणली, घरातल्या वायरिंगपासून शक्य तेवढी लांब. आणि अंगणात वेगळं अर्थिंग केलं, कोळसा आणि मीठ घालून. आपली काळी माती पावसाळ्यात उत्तम अर्थ देते, पण एप्रिल-मेमध्ये ती भेगाळते आणि पाइपला सोडून देते. म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी घालायला सांगितलं. संध्याकाळी घरघर खाली बसली आणि अंधार पडल्यावर दूरदूरची केंद्रं यायला लागली. रात्री मीडियम वेव्ह वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतते, त्यामुळे दिवसा न लागणारं रात्री लागतं. नातू जागचा हलला नाही, मध्यरात्रीपर्यंत काटा फिरवत बसला.

त्या घराकडून दुसरं घर आलं, मग अमरावतीहून, वर्ध्याहून, छिंदवाड्याहून लोक यायला लागले. आम्ही टीव्हीचं काम हळूहळू बंद केलं. आतलं काढून ब्लूटूथ बसवायची मागणी आजही येते आणि तिच्यात पैसाही सोपा आहे. आमचं उत्तर नाही असंच असतं. फोनवरची गाणी ऐकायची असतील तर पिकअपच्या सॉकेटमधून वेगळा जोड देता येतो. त्या काळच्या बऱ्याच सेटांना ग्रामोफोन लावायला ते सॉकेट मागे असतंच. मूळ सर्किटची एक तारही कापावी लागत नाही. हे दाखवलं की बहुतेक जण मान्य करतात.

भागांचं म्हणाल तर चित्र वाटतं तितकं वाईट नाही. ६व्ही६, ईएल८४, ५यू४ हे व्हॉल्व्ह गिटारच्या अँप्लिफायरमुळे आजही नवे बनतात. ईसीएच८१ किंवा ६ए८ मात्र जुन्या साठ्यातूनच. त्यासाठी आम्ही शनिवारी बाजार सोडत नाही. भंगारातला फुटक्या पेटीचा सेटही दहा घरांचे रेडिओ चालू ठेवू शकतो. जळलेले ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून देणारा कारागीर शहरात आहे, पण त्याचं वय झालंय. म्हणून दुकानातल्या आयटीआय झालेल्या एका मुलीला त्याच्याकडे शिकायला पाठवतो. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. गेल्या पावसाळ्यात तिनं गुंडाळलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर एका मर्फीत बसला आहे आणि उत्तम चालतो आहे.

तुमच्याकडे असा सेट असेल तर प्लगला लावू नका. काही जुने रेडिओ ट्रान्सफॉर्मरशिवायचे असतात, त्यांच्या चेसिसलाच मेनची एक तार जोडलेली असते. बटणाचा खालचा स्क्रू उघडा असला तरी जिवावरचा झटका बसू शकतो. मागचं पुठ्ठ्याचं झाकण बंद असू द्या, त्यावरच्या कागदाचा स्पष्ट फोटो काढा, कारण व्हॉल्व्हची नावं तिथेच छापलेली असतात. उंदीर शिरलेला असेल तर तेही सांगा. सेट आणताना उभाच आणा. सकाळी अकरानंतर आम्ही दुकानात असतो. तपासणीचे पैसे आधी सांगतो, आणि काय शाबूत आहे ते मीटर तुमच्यासमोर लावून दाखवतो. दुरुस्ती करायची की नाही ते त्यानंतर ठरवा.