राजीनामा सगळ्यात शेवटी

कामाच्या ताणाने माणूस पार पिचला की डोक्यात एकच घोळत राहतं: उद्याच राजीनामा टाकायचा. मीही टाकला, पण चार महिन्यांनी. मधल्या काळात जी कामं ज्या क्रमाने केली, त्यामुळे घरखर्च निभावला.

सुरुवात मानसोपचारतज्ज्ञांच्या कागदापासून. मी दोन वेगळे दाखले मागितले. ऑफिससाठीच्या दाखल्यावर फक्त 'वैद्यकीय कारणास्तव विश्रांती' आणि कधीपासून कधीपर्यंत ते. निदान तिथे लिहून घेतलं नाही. एचआरला गेलेला मेल किती जण वाचतात याचा भरवसा नसतो. विम्यासाठीच्या कागदावर मात्र आजाराचं नाव, तो कधीपासून आहे आणि चालू औषधं, सगळं हवं. तारखा नसलेला दाखला हमखास परत येतो.

मग रजा. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार (२०१७) वर्षाला ८ नैमित्तिक रजा मिळतात. वर्षात २४० दिवस भरले असतील तर दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा, आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठते. अनेक जण ही रजा 'शेवटी पैसे मिळतील' म्हणून राखून ठेवतात. हिशेब करून बघा: बऱ्याच कंपन्या रजेचे पैसे नुसत्या बेसिकवर (मूळ पगारावर, भत्ते सोडून) देतात. रजा घेतली तर पूर्ण पगार येतो, पीएफ भरला जातो आणि ग्रुप विमा चालू राहतो.

पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर आजारपणात सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते. त्यासाठी आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. दाखला ईएसआयच्या दवाखान्यातूनच घ्यावा, नाहीतर हेलपाटे होतात.

सगळ्यात जास्त फसगत विम्यात होते. कंपनीचा ग्रुप विमा साधारण नोकरीच्या शेवटच्या दिवशीच संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे नोकरीत असतानाच लेखी विचारलं. जुन्या आजाराचा खर्च विमा देत नाही तो सुरुवातीचा काळ, म्हणजे प्रतीक्षाकाळ, आधी जितका झाला असेल तितका तिथे धरला जातो. कोरी नवी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. उपचार चालू असल्याचं लपवू नका, दावा तिथेच अडकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यामुळे विमा कंपनीला मानसिक आजार शारीरिक आजारांसारखाच धरावा लागतो. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावरच पैसे देतात. डॉक्टरांची फी आणि गोळ्या आपल्याच खिशातून.

तो खर्च आवरायला दोन वाटा आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग असतो, आणि राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. दुसरी वाट जनऔषधी केंद्राची, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानाची. चिठ्ठीवर ब्रँडचं नाही, औषधाचं मूळ नाव लिहून घ्यायचं. रात्री-अपरात्री बोलायचं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, फुकट आणि चोवीस तास.

गृहकर्जाचा हप्ता चुकण्याआधी बँकेकडे गेलो, चुकल्यावर नाही. हप्ता परत गेला की आपली बँकही दंड लावते आणि कर्ज देणारीही. ९० दिवस थकला की कर्जखातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलं जातं. एक गोष्ट कुणी सांगत नाही: पगार येणं थांबलं की काही महिन्यांनी पगाराचं खातं साधं बचत खातं होतं आणि किमान शिल्लक नसली तर काही बँका पैसे कापतात. क्रेडिट कार्डवर 'किमान रक्कम' भरत राहणं सगळ्यात महाग. उरलेल्या थकबाकीवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज सहज लागतं.

पीएफमधून आजारपणासाठी नोकरी न सोडताही आगाऊ रक्कम मिळते, फॉर्म ३१ ऑनलाइन भरून. नाव किंवा जन्मतारीख आधारशी जुळत नसेल तर अर्ज फेटाळला जातो, म्हणून ती दुरुस्ती आधी.

राजीनाम्याची तारीख ठरवताना ग्रॅच्युइटी, म्हणजे पाच वर्षं नोकरी झाल्यावर सोडताना कंपनी देते ती रक्कम, पाहिली. पाच वर्षं भरत आली असतील तर थांबायचं. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून ४०,००० असेल, तर ४०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५ (वर्षं) या हिशेबाने साधारण १,१५,००० रुपये होतात. नोटीस पिरियड वैद्यकीय कारणाने माफ करण्याची विनंती मेलवर केली आणि होकारही मेलवरच मागितला. तोंडी होकार देणारा मॅनेजर अंतिम हिशेबाच्या वेळी त्या टेबलावर असेलच असं नाही.