खुटखुट

नाशिकच्या रविवार कारंजावरून गंगेकडे, म्हणजे गोदावरीकडे, उतरणाऱ्या गल्लीत माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. श्रावणातला पाऊस होता, गिऱ्हाईक नव्हतं, मी एका जुन्या काळ्या सायकलचे छर्रे रॉकेलमध्ये धूत बसलो होतो. तेवढ्यात पंचवटीहून होळकर पूल ओलांडून एक आजी रिक्षाने आल्या. सोबत बारा-तेरा वर्षांचा नातू आणि त्याच्या काखेत स्कूटर. पायाने ढकलायची, दोन चाकांची.

मला वाटलं, खेळणं. प्लॅस्टिकचं काहीतरी तुटलं असेल. हातात घेतली तर चांगली वजनदार निघाली. 110 मिलिमीटरची चाकं, पुढचं चाक धरणारा जाड फोर्क, हँडलच्या बुडाशी हँडल आणि फोर्कचा दांडा एकत्र पकडणारा चार बोल्टचा क्लॅम्प. उड्या मारायची स्टंट स्कूटर.

"काका, हेडसेट वाजतोय. नवीन टाकलाय तरी," पोरगा म्हणाला.

"हेडफोन वाजतोय म्हणतो का हा?" आजींनी विचारलं.

हेडसेट म्हणजे आमच्या भाषेत कोनसेट. फोर्कचा दांडा फ्रेमच्या पुढच्या नळ्यातून वर येतो, तो वरखाली दोन बेअरिंगवर फिरतो. जुन्या सायकलींना सुटे छर्रे आणि आट्यांचा कोन असायचा, कोन आवळला की काम झालं. बिनआट्यांचा कोनसेट मी शिकलो गिअरच्या सायकलींवर. नाशिकचे दोन महाजन डॉक्टर बंधू 2015 साली रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण करून आले, आणि त्यानंतर आमच्या गल्लीतसुद्धा महागड्या सायकली दिसायला लागल्या. त्यामुळे या स्कूटरला मी काही घाबरलो नाही. थोडं घाबरायला हवं होतं.

पुढचं चाक भिंतीला टेकवलं, एक बोट वरच्या बेअरिंगवरच्या टोपीच्या आणि नळ्याच्या सांध्यावर ठेवलं आणि हँडल मागेपुढे हलवलं. खुट, खुट. सांधा बोटाला स्पष्ट हलताना लागत होता. म्हणजे चाकाच्या बेअरिंगचा दोष नाही, कोनसेटच ढिला. पोराच्या मामाने घरी बसवलेला होता. खोलला, आणि दोष लगेच सापडला, निदान मला तसं वाटलं. वरच्या बेअरिंगवर एक चिरलेली, निमुळती रिंग बसते. ती दांडा आणि बेअरिंगच्या मधली फट भरते. मामांनी ती उलटी टाकली होती.

असा दोष सापडला की मेकॅनिकच्या अंगात वारं शिरतं. रिंग सुलटी केली, बेअरिंगचा तिरका काठ नळ्यातल्या बैठकीवर नीट बसलाय ना पाहिलं, ग्रीस लावलं. क्लॅम्प चढवून त्याच्या आतला मधला बोल्ट आवळला. मग हँडल खोचलं, छातीचा भार देऊन खाली दाबलं आणि दाबूनच चारही बोल्ट पिळले. बोट लावून पाहिलं, आवाज बंद. शंभर रुपये घेतले आणि वर "मामांना सांग, रिंगला तोंड असतं" असा शेराही मारला.

तासाभरात दोघं परत. पोराने पार्किंगमध्ये तीनच उड्या मारल्या होत्या. खुट, खुट.

आजी काही बोलल्या नाहीत. स्टुलावर बसल्या आणि पदराने तोंड पुसत माझ्या हातांकडे बघत राहिल्या. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं.

पुन्हा खोलला. बेअरिंगवर संशय घेतला, व्हर्निअरने बाहेरचा व्यास मोजला, 41.8. बरोबर. बैठकीत डुगडुगत नव्हती. खालचं काढून पाहिलं, तेही ठीक. सातपूरला माझा मावसभाऊ लेथवर आहे, नळ्याची बैठक तपासायला स्कूटर त्याच्याकडे पाठवावी, इथपर्यंत विचार गेला. परत जोडलं, मधला बोल्ट आवळला. तो दगडासारखा घट्ट लागला. आणि क्लॅम्प? हाताने वरखाली हलत होता.

तिथे माझी ट्यूब पेटली. हा बोल्ट क्लॅम्पला धरून ठेवत नाहीच. फोर्कच्या दांड्यात आत एक चांदणीसारखी नट ठोकलेली असते. बोल्ट त्या नटला वर ओढतो आणि बोल्टखालचा जाड वॉशर क्लॅम्पच्या आतल्या काठाला खाली दाबतो. दांडा वर, क्लॅम्प खाली, मध्ये दोन्ही बेअरिंग दाबल्या जातात. क्लॅम्पचे बोल्ट त्यानंतर, ते फक्त ती जागा पकडून ठेवायला. पण वॉशर काठावर टेकायच्या आधी दांड्याच्या टोकावरच टेकला तर? बोल्ट घट्ट लागणार, जोर सगळा दांड्यातल्या दांड्यात जिरणार आणि बेअरिंगपर्यंत काहीच पोहोचणार नाही. अजून पिळला असता तर नटच उपटून वर आली असती. सकाळी आवाज बंद झाला होता तो माझ्या छातीच्या दाबाने. तीन उड्यांत तो दाब निघून गेला.

व्हर्निअरची शेपटी आत घातली. दांडा काठाच्या वर दोन मिलिमीटर आलेला.

पण आधी तर स्कूटर ठीक चालत होती. "जुना कोनसेट आहे का रे?" पोराने खिशातून पिशवी काढली. जुनी टोपी 15 मिलिमीटर उंच, नवी 10. टोपी बुटकी झाली, क्लॅम्प तेवढा खाली बसला आणि दांडा वर डोकावला. म्हणजे मामांच्या उलट्या रिंगपलीकडे खरी चूक होती ती या पाच मिलिमीटरची, आणि ती मामांनी केली तशी मीही बघितली नाही.

दांडा कापता आला असता, पण दुसऱ्याचा फोर्क करवतीने कापायला हात धजत नाही. उद्या परत उंच टोपी बसवायची झाली तर कापलेलं जोडता येत नाही. डब्यात गिअर सायकलचे स्पेसर, म्हणजे दांड्यावर चढवून उंची भरायच्या रिंगा, होत्या. दांडा सायकलसारखाच, 28.6 मिलिमीटरचा. पाचचा स्पेसर टोपी आणि क्लॅम्पच्या मध्ये चपखल बसला. आता दांडा काठाखाली तीन मिलिमीटर. बोल्ट हळूहळू आवळला, ढिलेपणा संपला तिथे थांबलो. फोर्क स्वतःच्या वजनाने वळतोय, अडकत नाही, हे बघून मग हँडल खोचलं आणि चार बोल्ट, आलटूनपालटून थोडे थोडे. या वेळी छाती लावली नाही.

आजींना समजावून सांगत होतो, त्यांनी मध्येच तोडलं. "म्हणजे जात्याचा मधला खुंटा वर आला की वरची तळी खालच्या तळीवर बसत नाही, पीठ भरड येतं. एवढंच ना?"

एवढंच.

पोराने गल्लीत, ओल्या फरशीवर, आजींच्या ओरडण्याकडे दुर्लक्ष करून दहा-बारा उड्या मारल्या. बोट लावलं, सांधा गप्प. स्पेसरचे पैसे घेतले नाहीत. सकाळचे शंभर परत द्यायला गेलो तर आजींनी पन्नासच घेतले, "रिंग तर सुलटी केलीच ना" म्हणाल्या.

आठवड्याने पोरगा एकटाच आला. माझ्या पोटात गोळा. स्कूटर भिंतीला लावून हलवली तर काहीच आवाज नाही.

"काका, काळा स्पेसर आहे का? हा निळा सूट होत नाही."