‘बनगरवाडी’वर शोधनिबंध लिहिताना

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी पर्यावरणवादी समीक्षेवर, म्हणजे साहित्यातलं माणसाचं आणि निसर्गाचं नातं तपासणाऱ्या समीक्षेवर, शोधनिबंध लिहायचा होता. वर्गातल्या बऱ्याच जणांनी जंगलावरची पुस्तकं निवडली. मी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घेतली, माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर आलेल्या एका शाळामास्तराची कादंबरी. “अगं, पण त्यात निसर्ग कुठंय? नुसता माळ आहे,” मैत्रीण म्हणाली. निबंधाचा विषय तिनं तिथंच माझ्या हातात दिला.

आधी सिद्धांत वाचून काढला. अमेरिकन समीक्षक लॉरेन्स ब्युएल यांचा एक प्रश्न फार उपयोगी पडला: पुस्तकात निसर्ग फक्त मागचा पडदा आहे, की माणसाचा इतिहास त्याच्या इतिहासात गुंतलेला दिसतो? पण या मंडळींची उदाहरणं बहुतेक अमेरिकेतली, माणसांच्या वस्तीपासून दूर असलेल्या रानाची. बनगरवाडीत असं रान नाहीच. तिथं मेंढरं आहेत, चारा आहे, आणि पावसाकडे डोळे लावलेली माणसं आहेत. इतिहासकार रामचंद्र गुहा यांचा १९८९चा लेख वाचला तेव्हा मला धीर आला. जिथं लोक जमिनीवर जगतात तिथं निर्मनुष्य रानाची अमेरिकन कल्पना लादली तर गरिबांवर अन्याय होतो, हे त्यांनी तेव्हाच मांडलं होतं.

मग पेन्सिल घेऊन कादंबरी पुन्हा वाचली. पाऊस, पाणी, चारा, मेंढरं जिथं जिथं आली तिथं समासात खूण केली. सुरुवातीच्या पानांतच खुणांची दाटी झाली. मास्तरांच्या शाळेत पोरं येत नाहीत, कारण ती मेंढरांमागे गेलेली असतात. शाळेचा पट चराईच्या हातात! शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते, त्याला आपण शोकांत शेवट म्हणतो. पण तो दुष्काळ पहिल्यापासून पुस्तकात मुक्कामाला आहे. माझी सगळी मांडणी या एका म्हणण्यावर उभी राहिली.

सर्वांत जास्त वेळ वाडीतल्या शेकूच्या प्रसंगावर गेला. बैलजोडी पुरी होत नाही म्हणून त्याची बायको बैलाच्या जोडीनं स्वतःच्या खांद्यावर जू घेते. पहिल्या खर्ड्यात मी यावर दोन पानं लिहिली होती: बाई, सोसणं, गरिबी. आमच्या मार्गदर्शक मॅडम शेतकरी घरातल्या. त्यांनी समासात एवढंच लिहिलं, ‘वाफसा किती दिवस टिकतो?’ वाफसा म्हणजे पेरणीजोगी ओल, एवढंच मला माहीत होतं. मी वडलांना फोन केला. ते म्हणाले, हलक्या रानात ओल फार थांबत नाही, वाफसा गेला की पेरणी गेली. त्यानंतर तो प्रसंग मला वेगळाच दिसायला लागला. ती बाई जू घेते ती त्या मोजक्या दिवसांच्या ओलीसाठी. माणूस आणि जनावर यांच्यातली जी सीमा सिद्धांताची पुस्तकं पानंच्या पानं चर्चेला घेतात, ती इथं एका जोखडाखाली पुसली जाते, आणि पुसणारा पाऊस असतो. हा परिच्छेद मला अजूनही निबंधातला सर्वांत खरा वाटतो.

भूगोलही मांडावा लागला. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. वाडीतले धनगर दुष्काळात जगायला बाहेर पडतात, त्याच्यामागे हा हिशोब आहे. हा हिशोब न मांडता त्यांच्या जाण्याला नुसतं दैव म्हटलं, तर ती समीक्षा अपुरी राहते, असं माझं ठाम मत आहे.

शेवटचा भाग लिहिण्याआधी माडगूळकरांच्या मुलखात, सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीकडे जाऊन आले. टेंभू उपसा सिंचन योजनेतून कृष्णेचं पाणी तिकडे पोचलंय, डाळिंबाच्या बागा उभ्या आहेत. बघून बरं वाटलं. रस्त्याकडेच्या एका शेतात धनगराचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट त्याचा तळ, उतरला होता. शेताला खत मिळावं म्हणून शेतकऱ्यानं मेंढरं बसवून घेतली होती. म्हाताऱ्या मेंढपाळाला मी पाण्याबद्दल विचारलं. “पाणी आलं ते चांगलंच झालं, बाई. पण माळ बागंत गेला. मेंढरं चारायची कुठं?”

त्यांचं हे वाक्य मी निबंधाच्या अखेरीस जसंच्या तसं घातलं. बागायत वाढल्यावर चराईचं काय होतं, हे शब्दमर्यादेत बसलं नाही. पीएच.डी.चा प्रस्ताव आता त्यावरच लिहितेय. खुणा केलेली ‘बनगरवाडी’ टेबलावर आहे, आणि या वेळी शेजारी आटपाडी तालुक्याचा नकाशाही आहे.