जुलैतलं महाबळेश्वर, पण कामासाठी: सहा दिवसांचा वृत्तांत आणि जाणाऱ्यांसाठी थोडं

महाबळेश्वरला मी आधी तीन-चार वेळा गेलेलो, पण सगळं हिवाळ्यात नाहीतर मे महिन्यात, स्ट्रॉबेरी, पॉइंट, घोडे वगैरे. यावेळी ऑफिसने ऐन जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाठवलं, दोन हॉटेलांमध्ये बिलिंगचं सॉफ्टवेअर आणि नेटवर्किंग करायला, सहा दिवस. जुलैच का, तर तेव्हा हॉटेलं रिकामी असतात, खोल्या उघड्या मिळतात, वायरिंगसाठी भिंती फोडता येतात, गिऱ्हाइकाला त्रास नाही. दुरुस्त्या, सॉफ्टवेअर बदलणं, ऑडिट, सगळी कामं मालक लोक याच दिवसांवर ढकलतात, त्यामुळे माझ्यासारखे बरेच जण पावसात वर जात असणार. त्यांच्यासाठी हे लिहितोय, फिरायला जाणाऱ्यांनाही थोडं उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी एक सांगतो, कारण बाकी सगळं त्यावरच आहे. आपण तिथे ज्याला धुकं म्हणतो ते आपल्याकडे थंडीत सकाळी पडतं तसलं धुकं नाही, तो ढगच असतो. समुद्रावरून येणारा वारा सह्याद्रीला धडकतो, वर चढतो, थंड होतो आणि ढग होतो, आणि गाव साधारण साडेचार हजार फुटांवर असल्यामुळे आपण थेट त्या ढगात राहायला जातो. पुण्याच्या आयआयटीएमने (हवामानावर संशोधन करणारी सरकारी संस्था) ढगांचा अभ्यास करायची प्रयोगशाळा २०१२ साली महाबळेश्वरलाच उभारली ती काय उगाच नाही, ढग जमिनीवर हाताशी मिळतो. म्हणून "ऊन आलं की नऊ-दहापर्यंत निवळेल" हा आपला हिशोब तिथे चालत नाही. दुपारी दोनला पण समोरचं गेट दिसत नाही, आणि मधेच वाऱ्याचा झोत आला की पाच मिनिटांत सगळं लख्ख, की परत बंद. दिवसाचा प्लॅन करताना हे धरूनच करा, म्हणजे जे काम चार दिवसांचं वाटतंय त्याला सहा द्या. मी ऑफिसात भांडून सहा घेतले म्हणून काम पूर्ण झालं, चार दिवस असते तर अर्धवट टाकून यावं लागलं असतं.

आता जाताना. पुण्याहून साधारण १२० किमी, खंबाटकी, मग सुरूर फाट्याला हायवे सोडायचा, वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर. एरवी तीन-साडेतीन तास. आम्ही निघालोच दुपारी दोनला कारण सामान भरायला उशीर झाला, आणि ही पहिली चूक. वाईत पाऊस अगदी भुरभुर, चहा घेतला, वाटलं सहापर्यंत पोचतो. पसरणी चढून पाचगणीला आलो तोवर पण ठीक होतं. पाचगणीच्या पुढे मात्र गाडीच्या बॉनेटच्या पुढचं काही दिसेना. पाचगणी ते महाबळेश्वर १८-१९ किमी, त्याला आम्हाला सव्वा तासाच्या वर लागला, आणि शेवटचे सात-आठ किमी काळोखात.

ड्रायव्हर काका वाईकडचेच होते, तीस वर्षं या रस्त्यावर गाडी चालवतायत. त्यांच्याकडून जे शिकलो ते तसंच लिहितो. पुढे एक गाडी होती तिचे मागचे लाल दिवे दिसत होते, मी म्हटलं काका तिच्या मागे मागे घ्या, बरं पडेल. तर ते म्हणाले, "त्याला दिसतंय असं तुम्हाला कोणी सांगितलं? तो चुकला तर आपण पण त्याच्यामागं." ते रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी धरून चालवत होते, डाव्या खिडकीची काच खाली करून मला सांगितलं पट्टी बघत राहा आणि बोलत राहा. लाइट लो बीमवर. हाय बीम टाकला की ढगावर उजेड आपटून समोर पांढरी भिंत उभी राहते, मला एकदा करून दाखवलं त्यांनी, खरंच काहीच दिसत नाही. आणि चारही इंडिकेटर लावून गाडी चालवतात ना लोक, ते करू नका, मागच्याला तुम्ही वळताय का थांबलाय काही कळत नाही. थांबायचंच असेल तर रस्ता रुंद असेल तिथे, टपरीजवळ, पूर्ण खाली उतरून थांबा, वळणावर तर अजिबात नको. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची ही घाटातली जुनी रीत आहे, पावसात ती पाळाच. काचेला आतून वाफ धरते तेव्हा एसी लावा, गारठा वाटला तरी लावा, फडक्याने पुसत बसलात तर लक्ष तिकडे जातं. प्रवासाला निघायच्या आधी वायपरचं रबर नवीन टाका, आमचं डाव्या बाजूचं फाटकं होतं आणि पट्टी बघायचं काम तर त्याच बाजूने होतं.

मुंबईकडून, म्हणजे पोलादपूरवरून आंबेनळी घाटाने येणाऱ्यांनी निघायच्या दिवशी सकाळी घाट चालू आहे का ते विचारूनच निघा, एसटी डेपोला किंवा ज्या हॉटेलात जाताय तिथे. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पाऊस पडला होता, पुण्यात अख्ख्या वर्षात साधारण ७०० पडतो, यावरून अंदाज घ्या. तेव्हा आंबेनळीचा रस्ता जागोजागी तुटला होता. जोराचा पाऊस असेल तर मी तरी लांबून, वाईवरूनच जाईन, दोन-तीन तास जास्त गेले तरी चालतील. आणि कुठूनही या, दुपारी चारच्या आत वर पोचा.

राहायचं म्हणाल तर ऑफ सीझनला रेट खूप खाली येतात, फोनवर बोलून अजून कमी होतात, तो प्रश्न नाही. प्रश्न खोलीचा. खोली घेताना व्ह्यू मागू नका, व्ह्यू नाहीच आहे. वरच्या मजल्यावरची, पावसाची झोड ज्या बाजूने येते तिच्या विरुद्ध बाजूची खोली मागा, गरम पाणी सोलरवर आहे का गॅस गीझरवर ते विचारा (सोलर असेल तर आठवडाभर गार पाण्याने आंघोळ), आणि जनरेटर रात्री किती वाजेपर्यंत चालवतात ते विचारा. मला मिळालेली पहिली खोली पावसाच्या तोंडावर होती, दुसऱ्या दिवशी सकाळी गादीची ती बाजू हाताला ओलसर लागली, चादर उचलली तर खाली भिंतीलगत बुरशीची काळी रेघ. बदलून मागितली, लगेच दिली त्यांनी.

गावातली जुनी माणसं पावसाला कशी तोंड देतात ते मात्र बघण्यासारखं आहे. बाजारातून खाली उतरताना काही घरांना, टपऱ्यांना पावसाच्या बाजूने वाळलेलं गवत जाड थरात बांबूला आवळून भिंतभर बांधलेलं दिसतं, छपरापासून जमिनीपर्यंत. मी एका घरापाशी थांबून हात लावून बघितलं, वरचं गवत भिजून गार, काळपट, आणि दोन बोटं आत घातली तर आतलं चक्क कोरडं. जांभ्याची भिंत पाणी पिते, म्हणून तिच्यापर्यंत पाणी जाऊच द्यायचं नाही. आता बऱ्याच ठिकाणी निळं नाहीतर काळं प्लास्टिक लावतात, स्वस्त पडतं, एका दिवसात होतं, पण प्लास्टिकच्या आत वाफ कोंडते असं तिथल्या मावशी म्हणाल्या, आणि मला ते पटलं, कारण पुढे आमच्या कामात तेच झालं.

पहिल्या हॉटेलात काम सुरळीत झालं. दुसऱ्यात रिसेप्शनच्या मागे नेटवर्कचा स्विच, म्हणजे सगळ्या खोल्यांच्या नेटच्या केबल जिथे जोडतात ती पेटी, आधीच बसवलेला होता, छान प्लास्टिकच्या बंद डब्यात, पण बाहेरच्या भिंतीवर, आणि पलीकडे किचन. निम्म्या खोल्यांचं नेट येत जात होतं. दोन दिवस मी सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसलो, सेटिंग बदलून बघितली, राउटर बदलून बघितला. तिसऱ्या दिवशी डबा उघडला तर झाकणाला आतून पाण्याचे थेंब लटकलेले, आणि केबलचे कनेक्टर काढून टॉर्चखाली धरले तर आतल्या पितळी रंगाच्या बारीक पट्ट्या हिरव्या पडलेल्या, नखाने खरवडलं तर हिरवी भुकटी निघत होती. सगळे कनेक्टर कापून नवीन मारले, चोवीस होते, आणि स्विच आतल्या भिंतीवर, लाकडी फळीवर, भिंतीपासून दोन इंच सुटा बसवला, डबा न लावता, मागे हवा फिरेल असा. त्यानंतर एकदाही नेट गेलं नाही. तेव्हा तिथे कोणी नेटवर्क, सीसीटीव्ही, इन्व्हर्टर, काहीही बसवायला जात असाल तर बाहेरच्या भिंतीला हात लावायच्या आधी तळहात टेकून बघा, गार-चिकट लागली की दुसरी भिंत शोधा. कनेक्टर भरपूर न्या आणि क्रिम्पिंग टूल (कनेक्टर केबलला दाबून बसवायचं हत्यार) पण न्या, पावसात वाईहून मागवलेलं सामान त्याच दिवशी येईल याची खात्री नाही.

अजून कामाचं. इन्स्टॉल करायचं सगळं खालूनच डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर न्या, दोन पेन ड्राइव्ह. वीज जाते, झाडाची फांदी पडली की चार-पाच तास येत नाही, म्हणून डेटा चढवायचं मोठं काम एका दमात करू नका, टप्प्याटप्प्याने आणि प्रत्येक टप्प्याचा बॅकअप. सिम दोन वेगळ्या कंपन्यांची ठेवा. प्रिंटरचा कागद उघडा राहिला की दमट होतो, मऊ पडतो, दोन-दोन पानं एकदम खेचतो, मॅनेजर साहेबांना वाटलं प्रिंटर बिघडला, रीम प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाहिजे तेवढाच कागद काढायला लावला तर चालायला लागला. लॅपटॉप खोलीत असताना शक्यतो चालूच ठेवा, गरम राहतो, दमट होत नाही. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका, औषधांच्या नाहीतर बुटांच्या खोक्यातल्या जमवून ठेवा.

कपडे वाळत नाहीत, हे सगळे सांगतात पण किती वाळत नाहीत ते गेल्यावरच कळतं, मी पहिल्या दिवशी धुतलेले मोजे पाचव्या दिवशी पण ओले. जीन्स नेऊच नका. पातळ, सिंथेटिक पँट, दिवसाला दोन जोड मोजे हिशोबाने, आणि हॉटेलात इस्त्री मागून घ्या. बूट रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, मध्येच एकदा बदला. छत्री दुसऱ्या दिवशी उलटी होऊन मोडली, पाऊस तिथे आडवा येतो, पँटसकटचा रेनकोट पाहिजे.

फिरणं म्हणाल तर रविवार मोकळा होता. वेण्णा लेकला पाऊस नुसता पाण्यावर आदळताना बघितला, पावसात बोटिंग बंद. क्षेत्र महाबळेश्वरला, म्हणजे जुन्या गावात, पंचगंगेच्या देवळात जाऊन बसलो, कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री अशा पाच नद्यांचं पाणी तिथे गोमुखातून येतं. एरवी गर्दीत दर्शन घेऊन निघतो आपण, त्या दिवशी आत आम्ही चारच माणसं, बाहेर पाऊस, आत पाण्याचा आवाज, अर्धा तास उठवेना. पॉइंट बघायला मिळतील म्हणून जुलैत येऊ नका, पण या देवळासाठी जरूर या. स्ट्रॉबेरी पण नसते हं, लागवडच पाऊस ओसरल्यावर होते.

जेवण बाजारात सात-साडेसातच्या आत उरका, बरीच दुकानं, हॉटेलं या दिवसांत बंद असतात आणि उघडी असतात ती पण लवकर आवरतात. रोख पैसे ठेवा, नेट नसलं की फोनवरून पैसे जात नाहीत.

परत निघालो सकाळी आठला, यावेळी उजेडात. पाचगणी मागे पडली, पसरणी घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर ढग एकदम वर राहिला आणि खाली वाई, कृष्णा, धोम धरणाचं पाणी, हिरवी भातखाचरं आणि सगळ्यावर ऊन. काकांनी गाडी कडेला रुंद जागा बघून घेतली, डिकी उघडून सॅक, मोजे, वायरी सगळं बॉनेटवर पसरलं, इंजिनची ऊब खालून आणि ऊन वरून. चहा पिऊन आलो तोवर चार्जरची वायर सहा दिवसांत पहिल्यांदा हाताला कोरडी लागली.