पुण्यात बसून अरोराचा प्रोजेक्ट, आणि तो परवानगीचा रकाना

10 मे 2024 च्या रात्री, मोठ्या सौर वादळात, लडाखमधल्या हानले इथूनही आकाश लालसर दिसलं. तेव्हाच ठरवलं, एमएस्सीचा प्रोजेक्ट अरोरावरच, म्हणजे ध्रुवीय प्रकाशावर. गाइड मॅडम लगेच हो म्हणाल्या. नासाच्या थेमिस मोहिमेसाठी कॅनडा-अलास्कात बसवलेले कॅमेरे दर 3 सेकंदांनी अख्ख्या आकाशाचा फोटो घेतात. ते फोटो घरबसल्या मिळाले.

अडलं ते कॉलेजच्या ऑफिसात. विषयमंजुरीच्या फॉर्मवर 'निरीक्षणाचे ठिकाण' आणि खाली 'संबंधित संस्थेचे परवानगीपत्र, सही-शिक्क्यासह'. मी 'कॅनडा' लिहिलं. खिडकीतल्या काकांनी विचारलं, "तुम्ही तिकडे गेला होतात?"

"नाही."

"मग पत्र कुठंय?"

ही माहिती जगात कुणालाही खुली आहे, शिक्का कोण देणार, हे परोपरीनं सांगितलं. "रकाना रिकामा असला की फाइल पुढे जात नाही." कोथरूडहून बस बदलून जायचं, तर कधी साहेब मीटिंगला, कधी रजेवर, मग परीक्षांची गडबड. याचा राग अजून गेलेला नाही. भूकंप, हवामान, तारे, सगळीकडे खुल्या माहितीवर संशोधन चालतं. फॉर्म मात्र विद्यार्थी स्वतःच मोजमाप घेणार असं धरून बनवलेला. यात उमेद खचते, आणि ती भरून द्यायला कुठला रकाना नाही.

शेवटी मॅडमनीच तोड काढली. माहिती वापरण्याच्या अटींचं पान छापलं, त्यावर त्यांची सही, विभागाचा शिक्का, आणि रकान्यात 'सोबत जोडले आहे'. फाइल त्याच दुपारी पुढे गेली! हे पान पहिल्या दिवशीच जोडा.

आणि हो, तारीख निवडताना चंद्र बघा. पौर्णिमेच्या आसपास फोटो पांढरेफटक येतात. हे फोटो ताडून बघायला मी डीएमएसपी हा अमेरिकेचा हवामान उपग्रह घेतला; तो अतिनील प्रकाशात वरून बघतो, त्याला ढग आडवे येत नाहीत. वेळा सगळीकडे यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), आपल्याहून साडेपाच तास मागे. फोटो नकाशावर बसवताना अरोराची उंची साधारण 110 किमी धरतात. क्षितिजालगत उंचीतला थोडा फरकही अरोराचा पट्टा कितीतरी किलोमीटर सरकवतो, म्हणून फोटोच्या कडा कापा. माझा पट्टा उपग्रहाच्या पट्ट्यावर बसला तो कडा कापल्यावरच. उपग्रह सुमारे 100 मिनिटांत एक फेरी मारतो, तेव्हा तो कॅमेऱ्यावरून जाण्याची वेळ आधी काढा आणि तेवढेच फोटो उतरवा.